कुत्र्याचा शाम्पू : बाटलीची किंमत आणि अंघोळीची किंमत

खंड्याला मी पहिली दोन वर्षं कपड्याच्या साबणाच्या वडीनेच धुतलं. अंगणात, नळीखाली, महिन्यातून दोनदा. पांढरं कुत्रं, सदरा निघावा तसं लख्ख निघायचं. तिसऱ्या उन्हाळ्यात पोटाखाली लाल चट्टे आले, मग मांड्यांच्या आतल्या बाजूला, आणि रात्रभर खाटेखालून खाजवण्याचा करकर आवाज. खाजवतो म्हणून जास्त धुतलं, जास्त धुतलं म्हणून तो जास्त खाजवू लागला. शेवटी गुरांच्या औषधांच्या एका दुकानात विचारलं. दुकानदाराने गोचिडाचं औषध एका रिकाम्या बाटलीत ओतून दिलं आणि म्हणाला, "बादलीत टोपणभर टाका, भाऊ." बादली किती लिटरची, टोपण कोणत्या बाटलीचं, हे त्याने सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. त्या दिवशी खंड्या संध्याकाळपर्यंत लाळ गाळत पडून होता. पुढच्या महिन्यात दवाखाना, तपासणी, गोळ्या आणि दोन बाटल्या शाम्पू मिळून जो खर्च झाला, त्यात चार वर्षांचा चांगला शाम्पू आला असता.

नाजूक कातडीच्या कुत्र्यासाठी सौम्य शाम्पू शोधणाऱ्या जळगाव-धुळ्याकडच्या घरांना म्हणून आधीच सांगतो, महाग बाटली म्हणजे सौम्य अंघोळ नव्हे. आपल्याकडे कुत्र्याच्या कातडीला छळणाऱ्या गोष्टी तीन आहेत: साबणाची वडी, बोअरचं जड पाणी आणि केसांत राहून गेलेला फेस. या तिघांचा बंदोबस्त केला, तर पाचशे रुपयांच्या आसपासची एक बाटली मध्यम कुत्र्याला वर्षभर पुरते. उरलेला पैसा गोचिडांसाठी आणि डॉक्टरांसाठी राखून ठेवायचा.

खाली दिलेले भाव साधारण आहेत. ब्रँड, दुकान आणि सवलत यांप्रमाणे ते खालीवर होतील. आकड्यांपेक्षा हिशेबाची रीत लक्षात ठेवा.

कुत्र्याची कातडी दिसते त्यापेक्षा पातळ

अंगावर एवढे केस म्हणजे कातडी राकट असणार, असा आपला समज. प्रत्यक्षात माणसाच्या बाह्यत्वचेत पेशींचे साधारण १० ते १५ थर असतात, कुत्र्याच्या ३ ते ५. संरक्षणाचं बरंचसं काम केस आणि त्यांवरचं नैसर्गिक तेल करतं. तेच तेल आपण घासून काढतो आणि कुत्रं स्वच्छ झालं म्हणून खूश होतो.

दुसरा फरक सामूचा, म्हणजे पीएचचा. माणसाची त्वचा आम्लधर्मी, सामू ५ च्या आसपास. कुत्र्याची त्वचा त्यामानाने उदासीन, साधारण ६ ते ७.५. साबणाची वडी, कपड्याची असो की अंगाची, ९ ते १० सामूची असते. आपल्याला ती दोन मिनिटांत धुऊन टाकता येते. दाट केसांच्या कुत्र्याच्या मुळांशी ती तासन् तास बसते. माणसांचा शाम्पू कुत्र्याला एखाद्या वेळी लावला म्हणून काही बिघडत नाही. पाहुणे यायचे आहेत आणि कुत्रं गटारीत लोळून आलंय, अशा वेळी लहान बाळांचा शाम्पू पातळ करून चालून जातो. दर वेळची सवय मात्र नको.

आपलं पाणी, आपलं ऊन

मुंबई-पुण्याच्या सल्ल्यात न येणारी गोष्ट म्हणजे पाणी. जळगाव शहराला वाघूर धरणाचं पाणी येतं, धुळ्याला तापीचंही. पण नळ रोज येत नाही, त्यामुळे कुत्र्याच्या अंघोळीला, गाडी धुवायला आणि झाडांना बोअरचंच पाणी लागतं. ते जड असलं की त्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाशी मिळून न विरघळणारा चिकट मळ बनवतं. बादलीच्या कडेला बसणारा पांढुरका थर तोच. तो कुत्र्याच्या केसांतही बसतो, कोंड्यासारखा दिसतो आणि खाजवतो. साबणाची वडी आणि बोअरचं पाणी ही जोडी म्हणून सर्वांत वाईट. शाम्पूतल्या फेस आणणाऱ्या द्रव्यांचा असा मळ बनत नाही. साधाच का होईना, पण शाम्पू घ्यावा, तो याचसाठी.

पाण्याचे तीन नियम पाळा. अंघोळ बोअरच्या पाण्याने झाली तरी शेवटची बादली नळाच्या पाण्याची ठेवा. आरओच्या मशीनमधून वाया जाणारं पाणी साठवून त्यानेच कुत्रं धुण्याची काटकसर करू नका. गाळलेले सगळे क्षार त्या पाण्यात एकवटलेले असतात. पावसाळ्यात पत्र्यावरून पडणारं पाणी पहिल्या दोन-तीन सरींनंतर पिंपात धरलंत, तर तेवढं मऊ पाणी दुसरं नाही.

ऊन हा दुसरा मुद्दा. एप्रिल-मेमध्ये पारा ४४-४५ अंशांना टेकतो, तेव्हा गच्चीवरच्या काळ्या टाकीतलं पाणी दुपारी हाताला चटका देतं. नळी उन्हात पडलेली असेल तर तिच्यातलं पहिलं पाणी त्याहून गरम. आधी ते झाडाला जाऊ द्या, मनगटाच्या आतल्या बाजूवर धार घेऊन पाहा, मगच कुत्र्यावर सोडा. उन्हाळ्यातली अंघोळ सकाळी आठच्या आत उरकावी.

शाम्पू घेण्याआधी : खाज नेमकी कशाची?

शाम्पूने खाज जाईल की नाही, हे खाज कुठून आली त्यावर ठरतं. खरेदीला जळगावात फुले मार्केटकडे निघा किंवा धुळ्यात आग्रा रोडकडे, त्याआधी कुत्र्याला उजेडात आडवं करून दहा मिनिटं नीट पाहा.

कानांच्या आत, बोटांच्या बेचक्यांत आणि मानेखाली गोचीड. शेपटीच्या मुळाशी काळे बारीक दाणे. हे दाणे ओल्या पांढऱ्या कापसावर ठेवा. लालसर डाग पसरला तर ती पिसवांची विष्ठा. इथे सौम्य शाम्पू काही करणार नाही. गोचीड-पिसवांचा इलाज वेगळा आहे.

कानांच्या कडा, कोपर आणि पोट इथले केस झडून कातडी जाड, खपलीदार झाली असेल, तर खरजेचा, म्हणजे लूत लागल्याचा संशय घ्या. कातडी खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्याशिवाय ते ठरत नाही. खरजेचा एक प्रकार माणसालाही खाज आणतो. घरात कुणाच्या हाता-पोटावर पुरळ आलं असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा.

तेलकट अंग, आंबूस वास आणि कानात तपकिरी मळ असेल, तर बहुधा यीस्टची वाढ. जून ते सप्टेंबर या दमट महिन्यांत, विशेषतः घट्ट घड्या असलेल्या पग आणि दाट केसांच्या लॅब्राडोरमध्ये हे वाढतं.

गोल चट्टे पडून तिथले केस तुटत असतील तर नायटा असू शकतो. तोही माणसांना होतो.

यातलं काहीच नसेल, फक्त कोरडा कोंडा, हलकी खाज आणि साबणाने धुतल्यावर वाढणारी लाली असेल, तर पुढचा भाग तुमच्यासाठीच आहे.

काय मिळतं, कितीला मिळतं

साधा कुत्र्यांचा शाम्पू. कंडिशनर असलेला किंवा नसलेला. २०० मिलीला साधारण १८० ते ३०० रुपये, ५०० मिलीला ४०० ते ६००. बहुतेक घरांना एवढाच पुरतो.

ओट्स किंवा कोरफडीचा सौम्य शाम्पू. ओट्समध्ये खाज शमवणारी द्रव्यं असतात, म्हणून कोरड्या, खाजऱ्या कातडीला हा बरा पडतो. भाव साध्याच्या दीडपट ते तिप्पट. मात्र ओट्सचं चित्र पुढे आणि ओट्सचं नाव घटकांच्या यादीत शेवटी, असं असेल तर तुम्ही चित्राचे पैसे देताय.

गोचीड-पिसवांचा शाम्पू. काही वनस्पतिजन्य तेलांचे, काही सायपरमेथ्रिन-परमेथ्रिनसारख्या कीटकनाशकांचे. २०० मिलीला साधारण २०० ते ४०० रुपये. धुतल्यावर अंगावरचे गोचीड कमी होतात, पण अंगणातल्या भिंतीच्या भेगांत लपलेले तसेच राहतात आणि आठवड्यात परत चढतात. आधीच लाल झालेल्या कातडीवर हा शाम्पू पहिली निवड नाही. घरात मांजर असेल तर परमेथ्रिनची बाटली घरात आणूच नका. मांजराला ते जिवावर बेततं.

औषधी शाम्पू. क्लोरहेक्सिडिन जंतूंसाठी, मायकोनाझोल किंवा कीटोकोनाझोल बुरशीसाठी, बेंझॉइल पेरॉक्साइड पुवाच्या फोडांसाठी आणि तेलकटपणासाठी, सॅलिसिलिक आम्ल आणि गंधक जाड कोंड्यासाठी. २०० मिलीला साधारण ४०० ते ८०० रुपये. हे औषध आहे, डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय घेऊ नका. 'जरा भारीतला द्या' म्हणून बेंझॉइल पेरॉक्साइड उचललं, तर कोरडी कातडी आणखी कोरडी पडते आणि टॉवेलचा रंगही उडतो.

बाटली उलटी करा

पुढच्या बाजूला जाहिरात असते, मागच्या बाजूला माल. इथे एक कायद्याची गोष्ट माहीत असावी. आपल्या औषध व सौंदर्यप्रसाधन कायद्यात सौंदर्यप्रसाधनाची व्याख्या माणसाच्या शरीरावर लावायच्या वस्तूंची आहे. कुत्र्याचा साधा शाम्पू त्या व्याख्येत बसत नाही. म्हणून 'हायपोॲलर्जेनिक', 'व्हेट अप्रूव्ह्ड', 'पीएच बॅलन्स्ड' हे शब्द बाटलीवर दिसले म्हणजे कुणी तपासून शिक्का मारला, असं समजू नका. औषधी शाम्पूची गोष्ट वेगळी. जनावरांची औषधंही औषधांच्या व्याख्येत येतात. तिथे उत्पादन परवाना क्रमांक, बॅच क्रमांक आणि औषधाचं प्रमाण छापलेलं असायलाच हवं.

वाचताना हे पाहा.

घटकांची यादीच नसेल तर बाटली परत ठेवा.

सोडियम लॉरिल सल्फेट यादीत वरच असेल तर नाजूक कातडीला टाळा. त्याचा चुलतभाऊ सोडियम लॉरेथ सल्फेट त्यामानाने मवाळ. डेसिल ग्लुकोसाइड, कोको ग्लुकोसाइड, कोकामिडोप्रोपिल बीटेन ही नावं वर असतील तर बरं. अशा शाम्पूंना फेस सहसा कमी येतो. फेस कमी म्हणजे मळ कमी निघतो असं नाही. धुवायला पाणी कमी लागतं, हा आपल्याकडे उलट फायदाच.

सुवास आणि रंग जितके कमी तितकं चांगलं. गुलाबाचा वास कुत्र्यासाठी नसतो, तुमच्यासाठी असतो. टी ट्री तेलाच्या शाम्पूपासून खाजऱ्या कुत्र्याला आणि पिल्लाला लांब ठेवा. हे तेल जास्त प्रमाणात कुत्र्यांना विषारी आहे.

'पॅराबेनमुक्त' या शब्दासाठी शंभर रुपये जास्त देऊ नका. पॅराबेन हे परिरक्षक काढून त्याजागी मिथाइलआयसोथायझोलिनोन घातलेलं असेल, तर ॲलर्जीचा धोका कमी होण्याऐवजी वाढतो.

शेवटी छापील किंमत, निव्वळ प्रमाण, मुदत आणि एकक विक्री किंमत. एका मिलीला किती पैसे, हे आता वेष्टनावर छापावं लागतं. तो बारीक आकडा दोन बाटल्यांवर शेजारी शेजारी ठेवून वाचा, पुढचा हिशेब त्याच्यावरच चालतो.

एका अंघोळीचा हिशेब

समजा, घरी २० किलोचं, आखूड केसांचं कुत्रं आहे. एका अंघोळीला साधारण ३० मिली शाम्पू लागतो. पॉमेरेनियन वजनाने लहान, पण केस दाट. त्यालाही २० मिली जातो.

२०० मिलीची साधी बाटली २६० रुपयांना : मिलीला १ रुपया ३० पैसे, अंघोळीला ३९ रुपये.

५०० मिलीची तीच बाटली ५०० रुपयांना : मिलीला १ रुपया, अंघोळीला ३० रुपये.

औषधी शाम्पू, २०० मिली ६०० रुपयांना : मिलीला ३ रुपये, अंघोळीला ९० रुपये.

आता वर्षाचा हिशेब. निरोगी पण नाजूक कातडीच्या कुत्र्याला तीन ते चार आठवड्यांनी एक अंघोळ पुरे. म्हणजे वर्षाला सुमारे १५ अंघोळी, ४५० मिली, एक मोठी बाटली, ५०० रुपये. तेच कुत्रं दर रविवारी धुतलं तर ५२ अंघोळी, दीड लिटरच्या वर शाम्पू, चार बाटल्या, २,००० रुपये. वर कातडीचं तेल गेलं ते वेगळंच. औषधी शाम्पू डॉक्टर बहुधा आठवड्यातून दोनदा, चार आठवडे असा सांगतात : ८ अंघोळी, २४० मिली. म्हणजे एक बाटली संपून दुसरी फोडावी लागते. १,२०० रुपये धरून चाला. दुकानदाराला ३०० मिलीची बाटली आहे का, हे आधी विचारलेलं बरं.

म्हणजे सर्वांत मोठी बचत ब्रँड बदलून होत नाही, अंघोळींची संख्या कमी करून होते. मधल्या दिवसांत रोज पाच मिनिटं ब्रश फिरवा आणि बाहेरून आल्यावर पाय साध्या पाण्याने धुऊन पुसा. ब्रश दीड-दोनशेचा, एकदाच घ्यायचा.

घरातलं काय चालतं, काय चालत नाही

चालतं : साधे ओट्स मिक्सरमधून पिठासारखे बारीक करून कोमट पाण्यात कालवा, दहा मिनिटं अंगावर ठेवा आणि धुऊन टाका. खाज तात्पुरती शमते, खर्च वीस-पंचवीस रुपये. मसाला घातलेली पाकिटं नव्हेत.

बेताने : रिठ्याच्या पाण्याने मळ निघतो, पण डोळ्यांत गेलं तर कुत्रं आणि तुम्ही दोघंही रडाल. कडुनिंबाचा पाला उकळून गार केलेलं पाणी शेवटी अंगावरून घ्यायला हरकत नाही. जखमेवर नको, आणि त्याने खरूज बरी होईल अशी आशाही नको.

चालत नाही : लिंबू, फिनाईल, डेटॉलचं दाट पाणी, रॉकेल. कुत्रं अंग चाटतं. जे अंगावर ते पोटात.

आणि अजिबात नको ते गॅरेजमधलं जळकं ऑइल. लूत लागलेल्या कुत्र्याला जळकं ऑइल फासणं आपल्याकडे गावोगाव चालतं. त्यात जड धातू आणि इतर विषारी द्रव्यं असतात, ती कातडीतून आणि चाटण्यातून अंगात जातात. भर उन्हात त्या तेलाखाली कुत्र्याची कातडी भाजून निघते. खरजेवर आज साध्या गोळ्या आहेत, हा छळ कशाला?

तसंच गुरांच्या गोचिडाचं डेल्टामेथ्रिन किंवा अमिट्राझही आपल्या अंदाजाने नको. अमिट्राझ कुत्र्यांनाही देतात, पण डॉक्टर सांगतील त्या प्रमाणात पातळ करूनच; लहान पिल्लं आणि मधुमेही कुत्रं यांना नाही. ढोरांसाठी आणलेलं आयव्हरमेक्टिनचं इंजेक्शन 'थोडं कुत्र्यालाही' देण्याची प्रथा तर जीव घेऊ शकते. कॉली जातीच्या अनेक कुत्र्यांना ते इतर कुत्र्यांना चालणाऱ्या मात्रेतही सोसत नाही.

भांडी घासायचं लिक्विड एकाच प्रसंगी कामाचं. कुत्रं फवारणी झालेल्या कपाशीत किंवा केळीच्या बागेत शिरून अंगाला औषध लावून आलं, तर हातमोजे घाला, त्या लिक्विडने एकदा धुवा, भरपूर पाणी ओता आणि औषधाच्या डब्याचा फोटो घेऊन तडक डॉक्टर गाठा.

धुण्याची रीत, बादलीच्या मापाने

नवा शाम्पू असेल तर आदल्या दिवशी मांडीच्या आत थेंबभर, पातळ करून लावा, पाच मिनिटांनी धुवा. दुसऱ्या दिवशी तिथे लाली नसेल तर पुढे जा.

आधी ब्रश. गुंता ओला झाला की दोरखंड होतो आणि त्यात फेस अडकतो. मग अंग नीट भिजवा. दाट केसांत पाणी मुळापर्यंत जायला दोन-तीन मिनिटं लागतात. शाम्पू बाटलीतून थेट पाठीवर ओतू नका. ३० मिली शाम्पू अर्धा लिटर पाण्यात एका मगात हलवा आणि मानेपासून मागे ओतत चला. दाट शाम्पू एका जागी बसतो आणि तिथेच चट्टा उठतो. बोटांच्या पेरांनी चोळा, नखांनी नको.

साध्या शाम्पूला दोन-तीन मिनिटं, औषधी शाम्पूला सांगितल्याप्रमाणे, बहुधा दहा. दहा मिनिटं घड्याळात मोजा. ओलं कुत्रं समोर उभं असताना आपली दहा मिनिटं तिसऱ्या मिनिटाला संपतात.

मग धुणं. काखा, पोट, मांड्यांचे सांधे, बोटांच्या बेचक्या, शेपटीचं मूळ. फेस इथेच राहतो. पाणी स्वच्छ दिसलं तरी एक बादली आणखी. हात फिरवल्यावर केस निसटते लागले तर अजून शाम्पू आहे, करकरीत लागले तर निघाला. एका बादलीत उरकायचंच असेल तर शाम्पू निम्मा करा, धुणं निम्मं करू नका.

पातळ केलेला शाम्पू उरला तर मोरीत ओता. पुढच्या रविवारसाठी बाटलीत भरून ठेवू नका. पातळ द्रावणात स्यूडोमोनास नावाचे जंतू वाढतात. त्याने धुतल्यावर एक-दोन दिवसांत पाठीवर दुखरे फोड आणि ताप येतो. तो आजार शाम्पूच्या ॲलर्जीपेक्षा कितीतरी महागात पडतो.

उन्हाळ्यात टॉवेलने टिपून सावलीत सोडा. पावसाळ्यात पंख्याखाली पूर्ण वाळवा. ओलसर राहिलेल्या केसांखाली रात्रीत ओली जखम तयार होते.

पार्लरमध्ये न्यायचं तर

आता आपल्या शहरांतही कुत्र्यांची पार्लर आहेत. साध्या अंघोळीला साधारण ४०० ते ८०० रुपये, केसकापणी आणि नखांसह ८०० ते १,५०० धरून चाला. नाजूक कातडीच्या कुत्र्यासाठी दोन अटी घाला : शाम्पू आमचा, टॉवेल आमचा. मोठ्या कॅनमधून काढून पातळ करून ठेवलेला शाम्पू नको. त्यामागचं कारण वर आलंच आहे. कंगवे एका कुत्र्यानंतर धुतात का, हे विचारा. नायटा आणि खरूज कंगव्यावरून प्रवास करतात. आणि उन्हाळ्यात पॉमेरेनियनचं मुंडण करून आणू नका. त्या केसांमुळे उन्हाचा चटका कातडीपर्यंत पोचत नाही.

दवाखाना : कधी आणि किती

पू, रक्त, दुर्गंधी, ताप, खाणं बंद, किंवा तीन आठवडे सौम्य शाम्पू वापरूनही खाज तीच, यातलं काहीही असेल तर शाम्पू बदलत बसू नका. खासगी पशुवैद्याची तपासणी फी साधारण २०० ते ५०० रुपये, कातडी खरवडून पाहण्याचे तेवढेच आणखी. सरकारी पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालय जिल्ह्याच्या ठिकाणी आणि दवाखाने तालुक्यांना आहेत. तिथे शुल्क नाममात्र, पण गर्दी ढोरांची, म्हणून सकाळी लवकर जा आणि कुत्र्याला मुसकं बांधून न्या. दुखणं चिवट निघालं आणि डॉक्टरांनीच पुढे पाठवलं, तर भुसावळहून रेल्वेने अकोल्याची पदव्युत्तर पशुवैद्यकीय संस्था किंवा मुंबईत परळचं १८८६ पासूनचं पशुवैद्यक महाविद्यालय आहे.

गोचिडांचं म्हणाल तर अफॉक्सोलेनरची गोळी महिनाभर, फ्लुरालेनरची साधारण तीन महिने काम करते. वजनाप्रमाणे महिन्याला सरासरी ५०० ते ९०० रुपये पडतात. महाग वाटतं, पण गोचीडतापाचा एक आजार सलाईन, रक्ततपासणी धरून सहज त्याच्या कैकपट नेतो. कुत्र्याला पूर्वी फिट आली असेल तर गोळी घेण्याआधी डॉक्टरांना सांगा.

फसलात तर

बिल घ्या, छोट्या दुकानातही घ्या. छापील किमतीपेक्षा एक रुपयाही जास्त मागता येत नाही. सुट्टं, लेबल नसलेलं औषध घेऊ नका; ते वापरून काही झालं तर हातात पुरावा काही राहत नाही. ऑनलाइन मागवलं तर पाकीट उघडतानाचा व्हिडिओ करा आणि मुदत पाहा. सवलत मोठी असली की मुदत बहुधा जवळ असते. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. तिथे सुटलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहारासाठी तिथे शुल्क लागत नाही. औषधी शाम्पू बनावट वाटला तर अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयात बाटलीसकट जा.

निवाडा

साधं, निरोगी कुत्रं : ५०० मिलीचा साधा कुत्र्यांचा शाम्पू, महिन्याला एक अंघोळ, वर्षाला पाचशे. कोरडी, खाजरी कातडी : सल्फेट आणि सुवास कमी असलेला ओट्सचा शाम्पू, तीन आठवड्यांनी एकदा, वर्षाला हजार-दीड हजार. फोड, चट्टे, वास : आधी डॉक्टर, मग ते सांगतील तो औषधी शाम्पू, महिनाभराचे दीड-दोन हजार आणि पुन्हा साध्यावर. या तिन्हींपेक्षा जास्त कुणी सांगत असेल, तर तो वासाचे आणि बाटलीच्या आकाराचे पैसे मागतोय.

आमच्या मोरीतल्या फळीवर आता एकच बाटली असते, झाकणावर मार्करने उघडल्याची तारीख लिहिलेली. खंड्या रात्री शांत झोपतो, पांढरा मात्र पूर्वीइतका लख्ख दिसत नाही. तुम्हीही आज घरातली बाटली उलटी करून मागचं लेबल वाचा, आणि साबणाची वडी कपड्यांकडे परत द्या.